हत्तीचा फेर, दिव्याचा फेर

नवरात्रात बडोद्यात एकाच दिवशी दोन फेर धरले जातात. पहिला संध्याकाळी साडेपाच-सहाला, उजेड असतानाच. अंगणात, गच्चीवर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाट मांडतात, पाटावर हत्ती काढतात आणि मुली-बायका हात धरून त्याच्याभोवती फिरतात. दुसरा फेर रात्री नऊनंतर. मध्ये छिद्रं पाडलेली मातीची घागर, तिच्यात तेवता दिवा, नाहीतर अंबामातेची तसबीर, आणि भोवती टाळ्या देत फिरणारी माणसं. पहिल्या फेरात वीस-पंचवीसजणी जमल्या तरी खूप झालं म्हणायचं. दुसऱ्यात अख्खं शहर असतं.

आपल्यापैकी बऱ्याचजणींनी हे दोन्ही फेर धरले आहेत. लहानपणी आम्हाला ते दोन वेगळे प्रकार वाटायचेच नाहीत. भोंडल्याची खिरापत खायची, हात धुवायचे, परकर सोडून चणिया-चोळी घालायची आणि निघायचं. यात काही वेगळं आहे हे कळलं ते पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांमुळे. ते दरवर्षी विचारायचे, "मग काय, दांडिया खेळायला जाणार ना?" आणि घरातलं कोणीतरी हमखास दुरुस्ती करायचं, "दांडिया नाही हो, गरबा!" टिपऱ्या घेऊन खेळतात तो रास. बडोद्याचा जीव टाळीवर. गंमत अशी की, आपल्या मराठी मंडळींची जुनी वस्ती ज्या भागात, त्याचं नाव मात्र दांडिया बाजार!

गायकवाडांचं बडोद्यात कायमचं बस्तान बसलं ते १७३४ साली, दमाजीरावांच्या काळात. त्यांच्यामागून शिलेदार, कारकून, भिक्षुक, वैद्य अशी माणसं येत राहिली. पुढे सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८७५ ते १९३९ या काळात, शाळा, न्यायालयं, ग्रंथालयं निघाली आणि शिक्षक, वकील, इंजिनियर मंडळींची भर पडली. १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली. मराठी साहित्य संमेलन इथे १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ असं चार वेळा भरलं. हा सगळा इतिहास आपण कार्यक्रमांतून अभिमानाने सांगतो. पण या माणसांबरोबर ज्या बायका आल्या, त्यांनी बरोबर काय आणलं? भांडीकुंडी, देव, लोणच्याच्या बरण्या, आणि फेराची गाणी.

कुणी त्याला भोंडला म्हणत, कुणी हादगा, खानदेशातून आलेल्या बायका भुलाबाई म्हणत. सूर्य हस्त नक्षत्रात जातो त्या सुमाराचा हा खेळ. हस्ताचा पाऊस म्हणजे हत्तीचा पाऊस, म्हणून पाटावर हत्ती. बडोद्याला हत्तीचं अप्रूप नव्हतंच. सरकारी हत्ती जिथे बांधत, त्या हाथीखान्यात आज धान्याचा घाऊक बाजार भरतो. हत्ती गेले, नाव राहिलं. आपल्या घरात मात्र तो दरवर्षी नऊ दिवस पाटावर येत राहिला, कुठे खडूचा, कुठे रांगोळीचा, कुठे तांदूळ आणि मुगाच्या दाण्यांनी भरलेला.

भोंडल्याच्या गाण्यांत काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. सासरचे जाच, माहेरची ओढ, कारल्याच्या वेलाचं निमित्त काढून सुनेला अडवून ठेवणारी सासू, वेडा नवरा, रुसवे-फुगवे, आणि मधूनच ज्याला काही अर्थ नाही असं धमाल यमक. ही गाणी बडोद्यात आली तेव्हा त्यांना एक वेगळंच वजन आलं. इथून मुंबईच रेल्वेने चारशे किलोमीटरच्या आसपास; वाई, सातारा, रत्नागिरी त्याच्याही पलीकडे. वर्ष-दोन वर्षं माहेरचं माणूस दिसत नसे.

माझ्या आजीचं माहेर वाईचं. लग्न होऊन ती मांडवीजवळच्या पोळीत आली तेव्हा तिला गुजरातीचा एक शब्द येत नव्हता. पोळ म्हणजे काय हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. दोन्ही बाजूंना चिकटून घरं असलेली गल्ली, तोंडाशी दरवाजा, आत एखादं देऊळ. दरवाजाच्या आत सगळे सगळ्यांना ओळखतात. आजीने पहिल्या वर्षी ओट्याखाली पाट मांडला, तेव्हा पोळीतल्या मुली बघायला जमल्या. हा कसला हत्ती, याच्याभोवती का फिरायचं, हे तिला सांगता येईना. तिने नुसता हात पुढे केला. त्या फिरल्या, खिरापतीला थांबल्या, डब्यात काय आहे ते ओळखायच्या खेळात चक्क जिंकल्या, आणि रात्री तिला ओढत गरब्याला घेऊन गेल्या. "आवी जाओ ने!" हे तिला समजलेलं पहिलं गुजराती वाक्य. गरब्याचे शब्द कळत नव्हते, टाळी कळत होती. ती म्हणायची, शेजार मला तोंडाने जोडावा लागला नाही, पायांनी जोडला.

आता त्या रात्रीच्या फेराकडे वळू. गरबा हा शब्द 'गर्भ' आणि 'दीप' यांच्यावरून आला असं मानतात. छिद्रांच्या घागरीला गरबो म्हणतात. आतला दिवा म्हणजे पोटातला जीव, आणि त्याच्याभोवतीचा फेर म्हणजे त्या जिवाची आणि देवीची पूजा. खेळ तसा सोपा. दोन टाळीचा गरबा, तीन टाळीचा गरबा. पावलं ठरलेली, पुढे, मागे, गिरकी. गाणं संथ सुरू होतं आणि हळूहळू चढतं. एकजण गवडावते, बाकीच्या झीलतात. हा शब्द ऐकून आपला पोवाडा आठवतो की नाही? शाहिराच्या मागे उभा राहून त्याचा शब्द उचलून धरणारा तो झीलकरी. इथे सगळा फेरच झीलकरी असतो. त्यामुळे गाणं पाठ असण्याची गरज नाही. पुढचीने म्हटलेलं परत म्हणायचं. तिसऱ्या कडव्यापर्यंत नवखी बाईही सुरात येते.

हे जवळून बघायचं असेल तर पाहुण्यांना आधी मोठ्या मैदानावर नेऊ नका. शहराच्या जुन्या भागात, मांडवीला न्या. तिथून चारी दिशांना चार दरवाजे, लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट. त्या चौकटीत पोळी आहेत आणि पोळींमध्ये शेरी गरबा आहे. शेरी म्हणजे गल्ली. देवळासमोरच्या चिंचोळ्या जागेत फेर लांबट होतो, एखाद्या अंड्यासारखा. ओट्यावर म्हाताऱ्या माणसांच्या खुर्च्या असतात आणि फेरातून बाहेर पडलेली बाई तिथेच पाणी पिऊन परत आत शिरते. घडियाळी पोळीतल्या अंबामातेच्या देवळात तर पुरुषांनीच गरबे खेळायची जुनी चाल आहे. गरबा हा फक्त बायकांचा खेळ, असं समजणाऱ्यांनी ते जरूर बघावं.

त्यानंतर कारेलीबाग, अलकापुरी, मांजलपूर, कुठल्याही सोसायटीत डोकवा. तिथे फेरात फेर असतात. बाहेरच्या मोठ्या फेरात तरुण मुलंमुली, कारण त्यांना गिरक्या घ्यायला जागा लागते. आतल्यात चाळिशी-पन्नाशीच्या बायका, संथ दोन टाळीत. आणि अगदी मध्ये, दिव्यापाशी, चार-पाच वर्षांच्या पोरांचा स्वतःचा फेर, ज्याला ना ताल ना दिशा. त्यांना कोणी शिकवत नाही. ती नऊ दिवस मोठ्यांच्या पायांकडे बघतात आणि पुढच्या वर्षी त्यांचे पाय पडायला लागतात.

हे पाहून झाल्यावर मैदानावर जा. नवलखी असो की आणखी कुठलं, बडोद्याच्या मैदानाची एक शिस्त आहे आणि तिचा आपल्याला अभिमान वाटतो. गाणं जिवंत, गायक आणि वादक समोर. अतुल पुरोहितांचा आवाज ऐकत तर आता बडोद्याच्या दोन पिढ्या वाढल्या. गाणी देवीची आणि कृष्णाची, परंपरेतली; सिनेमाच्या गाण्यांवर उड्या मारायला इथला जाणकार नाकं मुरडतो. आणि हजारो माणसं एकाच दिशेला, एकाच टाळीवर फिरत असतात. उंचावरून बघितलं तर भोवरा वाटतो. फाइन आर्ट्स फॅकल्टीचा गरबा त्याहून निराळा. तिथे झगमगाट कमी आणि हौस जास्त. तिथले विद्यार्थी मुळात चित्रकार-शिल्पकार, त्यामुळे एखाद्याने साधं झाडाखाली बसून नुसते कपडे पाहिले तरी रात्र सार्थकी लागते.

बाराला ध्वनिक्षेपक बंद होतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, आणि राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं. आमच्या जुन्या पोळीत बारानंतरही फेर थोडा वेळ चाले, विजेशिवाय. गाणाऱ्या बायका आणि टाळी. मला वाटतं, खरा गरबा तेव्हाच ऐकू यायचा.

गरब्याची गाणी कुठून आली याचा माग काढायचा तर शहराबाहेर जायला हवं, आणि तसं फार लांबही नाही. दक्षिणपूर्वेला तासाभराच्या अंतरावर डभोई आहे. मराठी माणसाला डभोई माहीत असते ती १७३१ च्या लढाईसाठी. पहिल्या बाजीरावांनी सेनापती त्रिंबकराव दाभाड्यांना तिथेच हरवलं, त्रिंबकराव पडले. मराठ्यांनी मराठ्यांशी केलेली लढाई, आणि आपले पिलाजीराव गायकवाड दाभाड्यांच्या बाजूला. गुजराती माणसाला मात्र डभोई म्हटलं की कवी दयाराम आठवतात. १७७७ साली नर्मदाकाठच्या चांदोदला जन्मलेले दयाराम डभोईला राहिले. त्यांच्या गरब्या (गरबी म्हणजे गरब्याची धाकटी बहीण, कृष्ण आणि गोपींच्या भावाची) आजही फेरात गायल्या जातात. हिरा भागोळीच्या कोरीव दरवाजापाशी उभं राहिलं की हे दोन्ही एकदम आठवतं. त्या लढाईची आठवण पुस्तकात राहिली. दयारामांचे शब्द अजून दरवर्षी माणसांच्या तोंडी असतात.

उलट्या दिशेला, चांपानेर दरवाजाचा जुना रस्ता धरून गेलं की सुमारे पन्नास किलोमीटरवर पावागड. वर महाकालीचं देऊळ, खाली चांपानेरचे अवशेष. २००४ पासून हा सगळा परिसर जागतिक वारसा यादीत आहे. ग्वाल्हेरच्या वाचकांना सांगायला हवं की एके काळी हा डोंगर शिंद्यांकडे होता. नवरात्रात इथे पायी येणाऱ्यांची रीघ लागते. उडनखटोला, म्हणजे रोपवे, आहे. पण गुडघे धड असतील तर पायऱ्यांनीच जा.

पावागडची एक कथा गुजरातेत घरोघर माहीत आहे. पताई रावळ नावाचा चांपानेरचा राजा. नवरात्रात गावच्या बायका फेर धरून गरबा खेळत होत्या. त्या फेरात महाकाली साध्या बाईच्या रूपाने येऊन मिसळली. राजाची नजर फिरली आणि त्याने तिचा पदर धरला. देवीने शाप दिला, तुझं राज्य जाईल. इतिहास सांगतो की महमूद बेगड्याने दीर्घ वेढा घालून १४८४ मध्ये चांपानेर घेतलं. वेढ्याची कारणं राजकारणाची होती, त्यात पदराचा संबंध नाही. पण लोकांनी राज्य का बुडालं याचं जे उत्तर स्वतःला दिलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. फेरात येणाऱ्या कुठल्याही बाईला तू कोण, कुठली, असं विचारलं जात नव्हतं. म्हणून तर देवीला आत शिरता आलं. आणि फेरातल्या बाईला हात लावणाऱ्याचं राज्य राहत नाही. फेराचे दोनच नियम या गोष्टीत आहेत. येईल तिला येऊ द्यायचं, आणि आली तिला निर्धास्त फिरू द्यायचं. बडोद्यात रात्री एक वाजता मुली दुचाकीवरून घरी येतात, आणि वाटेत शेव-उसळ खायला थांबतात, तेव्हा हा दुसरा नियम हे शहर पुष्कळसं पाळतं असं म्हणायला हरकत नाही.

पहिल्या नियमाचं काय? डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गुजरातच्या गरब्याची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. त्या नोंदीत, गरबा समाजातल्या उच्च-नीच आणि स्त्री-पुरुष भेदांच्या भिंती सैल करतो, सगळ्यांना सामावून घेतो, या गुणाचा खास उल्लेख आहे. पण मोठ्या मैदानांवर आज पास लागतो. आयोजनाला खर्च येतो हे मान्य. दिवे, गायक, स्वच्छतागृहं, सुरक्षा, सगळं फुकट होत नाही. तरी चार माणसांच्या घराला नऊ रात्रींचे पास, आणि त्यावर मुलींना दर रात्री निराळी चणिया-चोळी, हा हिशेब पुष्कळ घरांना झेपत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी सुरेख गरबा करते. तिने एका मोठ्या मैदानाच्या कुंपणाबाहेर उभं राहून, आतल्या गाण्यावर, रस्त्यावरच तीन मैत्रिणींचा फेर धरलेला मी पाहिला आहे. तिची टाळी आतल्या टाळीशी बरोबर जुळत होती. मध्ये पत्रा होता.

आता यावर आपण बोट दाखवावं, तर तसंच काही आपल्या हत्तीच्या फेरातही व्हायला लागलं आहे. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी भोंडला स्पर्धा होती. बारा-बाराजणींचे गट, नऊवारी, नथी, खोपे, रंगमंचावर हत्तीची मोठी प्रतिमा, गाणं आधीच ध्वनिमुद्रित केलेलं, समोर परीक्षक. गटांनी महिनाभर तालमी केल्या होत्या आणि बसवलेलं सगळं देखणं होतं, यात शंका नाही. ज्या मुलींना एक गाणं येत नव्हतं त्यांना त्या निमित्ताने चार गाणी आली, हाही फायदाच. पण आम्ही दीडशे बायका खुर्च्यांवर बसून भोंडला बघत होतो. माझ्या पुढच्या रांगेत सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. पहिलं गाणं सुरू झाल्याबरोबर ती उठून रंगमंचाच्या पायऱ्यांकडे निघाली. तिला गाणं येत होतं, तिच्या आजीने शिकवलं असणार. स्वयंसेविकेने तिला हळूच हाताला धरून परत आणून बसवलं. "बाळा, आपण इथूनच बघायचं हं." स्वयंसेविकेचा त्यात काही दोष नव्हता, स्पर्धेचे नियमच तसे. मुलगी बसली. थोड्या वेळाने ती आईच्या मोबाइलवर खेळायला लागली.

त्या संध्याकाळपासून एक गोष्ट मनातून जात नाही. बडोद्यातली मराठी मुलं गुजराती गरबे तोंडपाठ म्हणतात आणि भोंडल्याचं एक गाणं त्यांना येत नाही, अशी तक्रार आपण प्रत्येक स्नेहसंमेलनात ऐकतो. दोष गुजरातीला देतो, इंग्रजी शाळांना देतो, टीव्हीला देतो. पण त्या मुलांना गरब्याची गाणी कुणी शिकवली? वर्ग लावून कुणी नाही. ती दिव्याजवळच्या त्या बिनतालाच्या फेरात वाढली, कुणी त्यांना उठवलं नाही, आणि गाणी आपोआप अंगात गेली. गरबा टिकला आणि वाढला याचं कारण त्याच्या गाण्यांत किंवा कपड्यांत शोधू नये. ज्याला येत नाही त्याला तो आत घेतो, हे त्याचं कारण आहे. खुर्चीवरून बघून फेर शिकता येत नाही. तालीम केलेल्या बाराजणी तो उत्तम करतील, पण पुढच्या पिढीला पोचवायला त्यांना खाली उतरून हात पुढे करावा लागेल.

दोन्ही फेरांत एक बारीक फरक आहे, तो इथे सांगते. गरब्यात हात मोकळे असतात. दोघींच्या मध्ये जागा दिसली की शिरायचं, विचारायची गरज नाही. भोंडल्यात हात धरलेले असतात. आत यायचं तर दोघींनी हात सोडावे लागतात आणि नव्या बाईचे धरावे लागतात. म्हणजे आपल्या फेरात कोणी आपोआप येत नाही, तिला घ्यावं लागतं. हा आपल्या खेळाचा अवघडपणा आहे आणि गोडवाही. माझ्या आजीला हे कुणी समजावलं नव्हतं, तिने हात पुढे केला एवढंच.

म्हणून या नवरात्रासाठी काही साध्या सूचना. स्पर्धा खुशाल घ्या, पण शेवटची वीस मिनिटं खुर्च्या बाजूला करून सगळ्यांचा एक फेर होऊ द्या, रंगमंचाखाली, जमिनीवर. शक्य असेल तर आपल्या सोसायटीत एक दिवस सहा वाजता पाट खाली न्या. गरब्याचं अंगण तयारच असतं, दिवे लागायचे असतात, मुलं मोकळी असतात. शेजारच्या गुजराती, मल्याळी, सिंधी घरांना सांगा. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी झीलायची, ही गरब्याची रीत भोंडल्यालाही छान लागू पडते. आपली बरीच गाणी तर साखळीसारखी पुढे जाणारीच आहेत. ध्वनिमुद्रित गाणं नको. बेसूर चालेल. कपड्यांची सक्ती नको. शाळेच्या गणवेशातली मुलगीही चालेल आणि जीन्समधली सूनही. आणि ज्या घरात पास परवडत नाहीत, त्या घरच्या मुलींना मुद्दाम बोलवा. आपल्या फेराला पास नाही, वर खिरापत आहे, हे त्यांना कळू द्या.

खिरापतीबद्दल तर बडोद्याचा हात कोणी धरू नये. इथे डब्यात नुसते वाटली डाळ आणि साखरखोबरं नसतं. खमण असतं, लीलो चिवडा असतो, भाकरवडी असते, कुणी दसऱ्याच्या आधीच फाफडा-जिलबी आणतं. महाराष्ट्रातल्या मुलींना चार पदार्थांत ओळखायचं असतं, आपल्या मुलींना चाळीसांत. गोड की तिखट, हे विचारून काही उपयोग होत नाही, कारण इथे ते दोन्ही एकदम असतं.

नवरात्र संपलं की पाच दिवसांनी पौर्णिमा येते. आपण तिला कोजागरी म्हणतो आणि मसाला दूध आटवतो. शेजारी शरद पूनम म्हणतात आणि चांदण्यात दूध-पौंवा ठेवतात. त्या रात्रीही गरबा असतो, गर्दी कमी आणि चांदणं भरपूर. ज्यांचा नऊ दिवसांत फेर हुकला त्यांनी त्या रात्री पाट मांडला तरी कोणाची हरकत नसावी. हत्ती समजून घेईल.

शेवटी एक विनंती. ज्या घरांत आजीची, सासूबाईंची गाण्यांची वही असेल, त्यांनी ती कपाटातून काढावी. बडोद्यात गायल्या गेलेल्या गाण्यांत काही ओळी अशा आहेत ज्यांत मधेच गुजराती शब्द आले आहेत, सासूला शेजारणीने गुजरातीत दिलेलं उत्तर आलं आहे. त्या ओळी पुण्यात सापडणार नाहीत, त्या आपल्याच पोळींमध्ये जन्मल्या. वहीचे फोटो काढून ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. घटस्थापनेच्या संध्याकाळी वही हातात घेऊन खाली या, पहिली ओळ म्हणा, आणि ज्या मुलीला गाणं येत नाही तिच्या बाजूला उभ्या राहा.